आप्पा गुरवांचे पाय

“डोळे मिटा, आप्पा. पायाला दोरा टेकला की ‘हां’ म्हणायचं. उगाच म्हणायचं नाही.”

“ठावं हाय की,” म्हणत आप्पांनी डोळे मिटले. ते भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्यांचे दोन्ही पाय माझ्यासमोरच्या बुटक्या स्टुलावर होते. मी डबीतून दोरा काढला. दोरा म्हणजे पेनासारख्या दांडीच्या टोकाला बसवलेला नायलॉनचा ताठ तुकडा. तो कातडीवर टेकवायचा आणि जरासा वाकेपर्यंत दाबायचा. धड पायाला तो मुंगी चढल्यासारखा कळतो. साखरेच्या आजाराने नसा निकामी झालेल्या पायाला कळतच नाही.

अंगठ्याला टेकवला. “हां.” करंगळीच्या खाली टेकवला. “हां.” टाचेकडे नेला आणि मुद्दाम हवेतच धरून ठेवला. आप्पा गप्प. मग टेकवला. “हां.”

उंबऱ्यापाशी आप्पांच्या पत्नी, गिरजाकाकू, बेल निवडत बसल्या होत्या. देवळातली पूजा कुणाकडेही असो, महादेवाला बेल जायचा तो काकूंच्या परसातल्या झाडाचा. त्या खुशीत म्हणाल्या, “बगा की बाई, पाय कसा जित्ता झालाय.”

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पौषात मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा याच पायांना दोरा सोडाच, पेनाचं टोपण रुतवलं तरी आप्पांना पत्ता नव्हता. आता फाल्गुन निम्मा सरला होता. व्यायामाने पायात बळ येतं, तोल सावरतो, बोटं आखडत नाहीत, हे मी रोज बघत होते. पण गेलेली जाणीव एवढ्या लवकर, तीही दोन्ही पायांत अशी सगळीकडे एकदम परत आलेली मी कुठे पाहिली नव्हती.

आणि मी मुळातच संशयी बाई. भाजीवालीने वर मांडलेली वांगी सोडून मी खालची उपसून काढते. आमचे हे म्हणायचे, दूधवाला ‘म्हशीचं आहे’ म्हणाला तर ही म्हशीला भेटायला जाईल. असल्या स्वभावाने घरात त्रास होतो, पण आमच्या धंद्यात उपयोग फार. कारण दिलेला व्यायाम घरी केला का, असं विचारलं की जगातला प्रत्येक पेशंट ‘हो’ म्हणतो.

“छान,” मी दोरा डबीत ठेवत म्हटलं. “रोज करताय ना सगळं?”

“आता गं! केल्याबिगर का पाय असा झाला?” आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “मग डाक्टरांना सांगताय न्हवं? यात्रंआधी सांगाया पायजे.”

“बघू,” मी म्हटलं.

ते ‘बघू’ त्यांना आवडलं नाही. निघताना त्यांनी मला चहा घ्या म्हटलं नाही, आणि काकूंनीच धावत येऊन भुईमुगाच्या शेंगांची पुडी हातात कोंबली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी माण तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडे काम करत होते आणि स्कूटरवरून खेडोपाडी जाऊन लोकांना घरच्या घरी व्यायाम शिकवत होते. बिबवडे हे त्यातलंच एक गाव. उघडं माळरान, बाभळी, आणि गावाच्या टोकाला काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. देवळाची पूजा गुरवांच्या भाऊबंदांत घरोघर फिरायची. त्याला ते पाळी म्हणत. पाळी कुणाचीही असो, देवळाच्या आवारात अनवाणीच वावरायचं, हा नियम.

त्या नियमाने आप्पांचा घात केला होता. आदल्या उन्हाळ्यात दुपारच्या आरतीला ते आवारातल्या तापलेल्या फरशीवर उभे राहिले आणि आरती संपेपर्यंत उभेच राहिले. त्यांना काही कळलंच नाही. घरी आल्यावर काकूंनी तळव्यांना आलेले फोड पाहिले आणि हंबरडा फोडला. ती जखम दिवाळीपर्यंत चालली. पाय वाचला, पण देवळाचे पंच घाबरले. चैत्रातल्या यात्रेची पाळी यंदा आप्पांकडे येत होती. याआधी ती आली तेव्हा आप्पांचे केस काळे होते, आणि पुढच्या खेपेला ते असतील की नाही, हे महादेवालाच ठाऊक. पंचांनी सांगितलं, डॉक्टर पाय बरे म्हणाले तर यात्रा तुमची, नाही तर तुमच्या चुलतभावाची, निळकंठाची. डॉक्टर मला म्हणाले, “पाय तुम्ही बघता. तुम्हीच सांगा.”

म्हणजे आप्पांची यात्रा माझ्या एका शब्दावर आली. हे त्यांनाही ठाऊक होतं, काकूंनाही आणि निळकंठालाही.

पहिल्या दिवसापासून आप्पांनी माझ्याकडे संशयानेच पाहिलं. पायाच्या बोटांनी रुमाल उचलायचा, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ही काय माकडचेष्टा?” चौकट धरून टाचा उचलायच्या, घोटा गोल फिरवायचा, भिंतीशी एका पायावर उभं राहायचं, हे त्यांना एक वेळ पटलं. पण तळव्याखाली लाटणं घेऊन पुढे-मागे फिरवा, असं मी बोलून गेले आणि घरात भूकंप झाला.

“लाटनं? पायाखाली?” काकूंनी दोन्ही कानांना हात लावले. “बाई, ज्यावर भाकरीचं पीठ... न्हाई, चपातीचं का हुईना, अन्न लागतंय त्येला!”

“हेच शिकिवत्यात व्हय शेरात?” आप्पा म्हणाले.

शेवटी आप्पांनी बाभळीच्या फांदीचा एक तुकडा तासून गुळगुळीत केला आणि त्यावर भागलं. चपलेवरूनही असाच तंटा झाला. देवघर असलेल्या घरात पायात चप्पल घालायची म्हणजे काय! काकूंनी जुन्या साडीच्या कापडी सपाता शिवल्या, त्याही फक्त आप्पांना. एवढा सगळा विरोध करून हा माणूस मन लावून व्यायाम करत असेल, यावर माझा विश्वास कसा बसावा?

पुढच्या खेपेला मी गावात शिरत होते तर देवळाच्या कमानीशी निळकंठाने हात केला. त्याचं तिथे नारळ-फुलांचं दुकान होतं. मी स्कूटर थांबवली. त्याने एक नारळ माझ्या हातात दिला.

“हा कशाला?”

“देवाचा हाय बाई. न्हाई म्हनू नगा.”

“काम काय आहे ते बोला.”

निळकंठ इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, “आप्पाचं पाय कसं हायती?”

“आप्पांनाच विचारा की.”

“त्यो मला सांगतोय व्हय! बोलत न्हाई माज्याशी. गेल्या साली भाजला तवा मीच खांद्यावर घालून घरी आनला. आता म्हनतोय, निळ्याचाच डोळा हाय माज्या पाळीवर.” त्याने नाक पुसलं. “थोरला भाऊ हाय वं माजा. पुन्यांदा भाजला तर?”

शब्द चांगले होते. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मला ते खरं वाटेना. चैत्रात पाळी मिळाली तर याचं दुकानही दुप्पट चालणार, हा हिशोब मी मनात आधीच करून टाकला होता.

“ते व्यायाम करतात का काही?” मी विचारलं.

“कुनाला ठावं? दुपारी दार लावून बसत्यात नवराबायको. आतनं हसन्याचा आवाज येतोय. मला इचाराल तर सगळा खेळ वैनीचा हाय.”

एवढ्यात माझं लक्ष देवळाच्या पायऱ्यांकडे गेलं. आप्पा तिथे उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या नारळाकडे बघत होते.

त्या दिवशी त्यांनी मला पायाला हात लावू दिला नाही. अंग कसकसतंय म्हणाले आणि पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. काकू मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “रागावू नगा. नारळ बगितला त्येंनी.” मी नारळ पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला नाही. शेवटी मी तो कमानीशी जाऊन निळकंठाच्या टोपलीत परत ठेवला, तर त्याचंही तोंड उतरलं. एका नारळाने मी दोन्ही घरांतून उठले.

पण मला आता खरं काय ते बघायचंच होतं. त्यामुळे मी ठरल्या दिवसाच्या आधीच, न कळवता गेले. स्कूटर लांब, पाराजवळ लावली आणि भर दुपारी चोरासारखी घराच्या बाजूने खिडकीशी आले. खिडकी अर्धी उघडी होती. आतून खरंच हसण्याचा आवाज येत होता.

आत आप्पा एका चौकटीला धरून टाचा उचलत होते. नीट, सावकाश, मी शिकवलं होतं तस्संच. घामाने बंडी भिजली होती. आणि समोरच्या चौकटीला धरून काकूही तेच करत होत्या. लुगड्याचा ओचा खोचलेला, चेहरा अगदी गंभीर. त्यांचा तोल गेला तसे आप्पा हसले.

“म्हातारे, धर की नीट! माज्यापरीस तूच पडशील.”

“पडू द्या. तुमाला येकट्याला कटाळा येतोय म्हून करतीया मी,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा चौकट धरली.

मग आप्पांनी चौकट सोडली आणि एका पायावर उभे राहिले. हात पसरून, दात खाऊन, पण उभे राहिले. मला खिडकीबाहेर उभ्या उभ्या लाज वाटली. माणूस मनापासून करत होता. हेही सांगते की लाज फार वेळ टिकली नाही. कारण व्यायाम खरा होता म्हणून दोऱ्याची परीक्षा खरी ठरत नव्हती.

मी पुढच्या दाराने जाऊन कडी वाजवली. दोघंही दचकले.

“आज कशा?” आप्पांनी विचारलं.

“इकडून चालले होते. पाय बघते आणि जाते.”

“निळ्यानं धाडलं आसंल.”

“मला कुणी धाडत नाही, आप्पा. बसा.”

ते बसले. डोळे मिटले. काकू लगबगीने बेलाची टोपली घेऊन उंबऱ्याशी बसल्या. मी दोरा टेकवला. “हां.” पुन्हा टेकवला. “हां.” तिसऱ्यांदा टेकवताना मी आप्पांच्या पायाकडे बघितलंच नाही. काकूंकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या हातावर खिळली होती. दोरा वाकला, त्यांनी ताटलीत बेलाचं पान टाकलं, मनगटातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या, आणि आप्पा म्हणाले, “हां.”

मी हात हवेत थांबवला. काकूंचा हातही टोपलीवर थांबला. 

“काकू, पाणी देता का प्यायला? माठातलं.”

“देते की. एवढं झालं की...”

“आत्ताच द्या. घसा कोरडा पडलाय.”

त्या नाइलाजाने उठल्या. त्या आत गेल्याबरोबर मी दोरा अंगठ्याला टेकवला. आप्पा गप्प. टाचेला टेकवला. गप्प. दोरा न टेकवता नुसती बसून राहिले. आप्पांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान जराशी दाराकडे वळवली, कानोसा घेतला, आणि मग अंदाजानेच म्हणाले, “हां?”

“डोळे उघडा, आप्पा.”

त्यांनी उघडले. माझा हात माझ्या मांडीवर होता.

मी भडकले. “मला फसवून काय मिळणार होतं? मी डॉक्टरांना सांगितलं असतं पाय बरे झाले, तुम्ही चैत्रात तापल्या फरशीवर उभे राहिला असता, आणि या वेळी पाय कापावा लागला असता! मग कसली पाळी आणि कसली यात्रा?”

काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थिजल्या. “त्येंचा काय दोस न्हाई, बाई. माजंच डोस्कं हे. त्येंनी न्हाई म्हनलं हुतं.”

“तू गप,” आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले.  “निळ्याचा नारळ घ्येचा आन माज्या घरात येऊन हेरगिरी करायची! सांगा की त्येला जाऊन, झालं तुज्या मनासारखं.”

“नारळ मी परत दिला.”

“मला काय ठावं दिला का न्हाई?”

“आणि मला काय ठाऊक तुम्ही आजवर कितीदा खरं बोललात?”

 काकू डोळ्यांना पदर लावून रडू लागल्या. आप्पा आपल्या पायांकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, “बाई, ह्यो पाय माजा हाय आन मलाच कळंना त्येचं काय चाललंय. रोजच्या रोज व्यायाम करतोय. बळ आलंय, तुमी बगितलं. पन कळत न्हाई त्ये न्हाईच. देवापुढं हुबं ऱ्हायाचं येवडंच आलं मला जन्मात. दुसरं काय येत न्हाई.”

माझा राग उतरला. मला त्यांचं वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. मी पाणी प्यायले आणि काही मार्ग निघतो का, ते बघायला लागले.

“गाभाऱ्यात फरशी तापत नाही ना?”

“छ्या! आत गारच असतंय की.”

“मग तुम्ही आतच राहायचं. बाहेर आवारात पाऊलही टाकायचं नाही. आणि पायात काहीतरी हवंच.”

“चामडं न्हाई चालत देवळात. रबर बी न्हाई.” आप्पा विचार करत म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. “घोंगडं चालतंय! लोकर सोवळ्यात बसतीय. घोंगड्याच्या सपाता केल्या तर?”

खरं सांगायचं तर ही कल्पना मला सुचायला हवी होती. जाड घोंगडीचा दुहेरी तळ, आत मऊ कापड. भिजल्या की बदलायच्या, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी पाय उलटसुलट करून बघायचे.

“आणि बाहेरचं? आडाचं पाणी आणायचं, आवार झाडायचं, दुपारी रांगेतल्या लोकांना तीर्थ द्यायचं?”

“मी हाय की!” काकू पुढे आल्या. रडणं कुठल्या कुठे गेलं. “आवार माज्याकडं. मी का आज करतीया? लगीन हून आले तवाधरनं त्या फरशीवर फिरतीया मी. ऐन दुपारी बाया पाय उचलत्यात, नाचत्यात, आन मी आपली निवांत. मला न्हाई पोळत. महादेवाची दया.”

आप्पांनी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं. मला पहिल्यांदा त्या घरात सगळं सरळ वाटलं. मी म्हटलं, “ठीक आहे. उद्या डॉक्टरांशी बोलते. असं केलं तर ते नाही म्हणणार नाहीत.”

“चैत्राची यात्रा आपली, म्हातारे!” आप्पा म्हणाले आणि मला म्हणाले, “च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई.”

“आदी घोंगडं काडते,” म्हणत काकू फळीवरची घोंगडी काढायला स्टुलावर चढल्या. त्यांनी टाचा उचलल्या आणि माझ्यासमोर त्यांच्या पायांचे तळवे आले.

उजव्या टाचेत काहीतरी काळं दिसलं. मला वाटलं, चिखल. मग मी वाकले.

“काकू, खाली उतरा. सावकाश. आणि हलू नका.”

“का वं?”

त्या उतरून उभ्या राहिल्या. मी खाली बसून त्यांचा पाय मागून उचलला. टाचेत बेलाचा काटा होता. बोटाच्या पेराएवढा, मुळापर्यंत गेलेला, नुसतं बूड बाहेर. भोवतीची कातडी काळी पडली होती आणि ओलसर होती. आजचा काटा नव्हता तो. मी पिशवीतून चिमटा काढला, स्पिरिटने पुसला आणि काटा धरून सरळ बाहेर ओढला. मागोमाग पू आला.

“काय बगताय वं बाई माज्या पायाला? मळका हाय, सोडा,” काकू म्हणाल्या.

मी काटा त्यांच्यासमोर धरला.

“आगं बया! ह्यो कवा लागला?” त्या हसल्या. “बेलाखाली जायचं म्हंजी काटं आलंच. आमचं पाय दगडी हायती, बाई. आमाला काय हुत न्हाई.”

मी हसले नाही. “काकू, तुमची साखर कधी तपासली होती?”

“माजी? साकर त्येंची हाय की. मी नुसती त्येंच्यासंगं बिनसाकरंचा च्या पिते.”

“कधीच नाही तपासली?”

“मला काय झालंय?”

मी जखम धुऊन पट्टी बांधली. मग त्यांना आप्पांच्या जागेवर, भिंतीशी बसवलं. त्या संकोचून गेल्या. माझ्याकडे पाय करायला तयार होईनात. मी पाय धरून स्टुलावर ठेवले तेव्हा त्यांनी मला वाकून नमस्कार केला. “डोळे मिटा,” मी म्हटलं. “दोरा टेकला की ‘हां’ म्हणा.”

“ठावं हाय की मला,” म्हणत त्यांनी लहान मुलीसारखे डोळे घट्ट मिटले.

मी अंगठ्यापासून सुरुवात केली. दोरा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. काकू ओठांत हसू दाबून बसल्या होत्या. करंगळीच्या खाली टेकवला. पट्टी सोडून टाचेच्या कडेला टेकवला. तळव्याच्या मधोमध, जिथे कुणालाही गुदगुल्या होतात, तिथे टेकवला. मग दुसरा पाय घेतला. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. दोरा कातडीवर वाकलेला त्यांना दर वेळी दिसत होता, आणि दर वेळी ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते. एकदा त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं. मी मानेनेच नको म्हटलं.  इतके दिवस ही बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बेल निवडत होती.

मी दोरा डबीत ठेवला आणि डबी मिटली.

आप्पा सरळ झाले. घोंगडी फळीवरून अर्धी खाली लोंबत होती, ती त्यांनी परत वर सारली. मग दारात गेले, उंबऱ्यावर उभे राहिले आणि गल्लीपलीकडच्या निळकंठाच्या घराकडे हाक मारली.

“निळू! आरं ए निळू! हिकडं ये. यात्रंची पाळी तुला घ्याची हाय.”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. आप्पांनी पुन्हा हाक मारली. 

“आवं, त्येला कशाला बोलवताय?” काकू म्हणाल्या. डोळे अजून तसेच घट्ट मिटलेले होते, कारण उघडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग स्टुलावरचे पाय जरा माझ्याकडे सरकवून त्या मला म्हणाल्या, “आन बाई, तुमी करा की सुरू. माजा सैपाक ऱ्हायलाय.”